नळकांड्यावरची खाच

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं शेणामातीत हात गेले ते तिथंच राहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होतील. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. म्हशींना औषध पाजल्याची नोंद ठेवायला मॅडमनी ती मला दिली होती. पुढची पानं नोंदींनी भरली, मागची कोरी होती, त्यांवर हे लिहिते आहे. माझ्या अक्षराची लाज वाटून मी एकदा वही पदराआड धरली होती, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "ताई, मला वाचता येतं ना, मग झालं." वाचणाऱ्या त्याच होत्या. त्या गेल्या, त्याला आता दीड महिना झाला... तरी लिहावंसं वाटतं.

फोन सकाळी आला. मी धार काढत होते. मॅडमचे यजमान, त्यांना आम्ही सर म्हणतो, ते एवढंच बोलले की ताई, सुमेधा गेली, तुम्हाला आधी कळवायचं असं तिनं सांगून ठेवलं होतं. मी "बरं" म्हणाले. फोन कनवटीला खोचला आणि पुन्हा धारेला बसले, पण म्हशीनं पान्हा चोरला. माझ्या हातांवरून तिला कळलं असावं. अर्धी बादली तशीच राहिली आणि मी तिच्या पोटाला डोकं टेकून बसून राहिले.

आमचं गाव दारणेच्या कालव्याकाठी. मालक सिन्नरला कंपनीत कामाला जातात, त्यामुळं गोठा माझा आणि सासूबाईंचा. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. सात वर्षांपूर्वी पाऊस उघडल्यावर एक बाई स्कूटरवरून आल्या, हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंना म्हणाल्या की मला तुमच्या म्हशींचं थोडं शेण हवं आहे. आत्याबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शेण लय हाय बाई. पोतं भरून न्या. पर तुमच्या स्कूटरला झेपायचं नाय." मॅडम हसल्या आणि पिशवीतून औषधाच्या गोळ्यांच्या असतात तशा चिमुकल्या डब्या काढल्या. प्रत्येकीचं चमचाभर पुरे, पण वेगवेगळं पाहिजे, म्हणाल्या. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव शेणाच्या मॅडम पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, शेणाची मॅडम बोलतेय. उद्या येऊ का?"

त्या नाशिकला कॉलेजात शिकवायच्या आणि जनावरांच्या यकृतात राहणाऱ्या पर्णकृमीवर काम करायच्या. हा कृमी पानासारखा चपटा असतो, म्हणून ते नाव. एकदा त्या सूक्ष्मदर्शक घेऊनच आल्या, आमच्या ओट्यावर मांडला आणि मला बघायला लावलं. शेणाच्या पाण्यात एक सोनेरी दाणा दिसत होता, एका टोकाला त्याला झाकण होतं. ते कृमीचं अंडं. आमच्या चंद्रीच्या पोटातलं. चंद्री म्हणजे आमची सगळ्यात मोठी म्हैस, कपाळावर पांढरा टिळा असलेली. मॅडमनी सांगितलं की हे अंडं पाण्यात फुटतं, त्यातलं पिल्लू कालव्यातल्या गोगलगायीत वाढतं, मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतं आणि गवताबरोबर पुन्हा म्हशीच्या पोटात येतं. मी म्हणाले, मग गवत आणायचं कुठून, आमचं सगळं गवत कालव्याकाठचं. त्यांनी गोठ्यातल्या गवताच्या भाऱ्याकडं पाहिलं. शिकलेली माणसं अशा वेळी पटकन काहीतरी सांगून मोकळी होतात. त्या म्हणाल्या, "खरंच की. मग निदान कडकडीत वाळवून घाला." मी अनोळखी माणसाशी बोलत नाही, पदर सावरण्यातच माझा वेळ जातो. पण त्या शेजारी बसून राहायच्या, मी बोलेपर्यंत थांबायच्या, आणि मग माझंच मला नवल वाटायचं की मी केवढी बोलले.

कृमीवर औषध होतं. वर्षातून दोनदा पाजायचं, पावसाच्या आधी आणि नंतर. औषध किती ते वजनावर ठरतं, म्हणून मॅडमनी शिंप्याची टेप आणली आणि चंद्रीच्या छातीचा घेर मोजला. आम्ही समजत होतो त्याहून ती कितीतरी भारी निघाली. मॅडमनी प्रत्येकीचं माप वहीत लिहून दिलं आणि मी रोज काय काय करते ते लिहायला सांगितलं. औषध पाजल्यावर काही दिवस दूध विकायचं नाही, ओतून द्यायचं, कारण औषध दुधात उतरतं. त्या दुधाचे पैसे मॅडम स्वतःच्या पगारातून मला देणार होत्या. कॉलेजकडून ते मिळत नाहीत हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या खेपेला त्या स्वतः उभ्या राहिल्या. आमच्याकडं पाजायला बांबूचं नळकांडं आहे, आत्याबाईंच्या सासरेबुवांच्या वेळचं, तोंडाशी तिरपं कापलेलं. ते काठोकाठ भरून चंद्रीला पाजलं. दुसऱ्या दिवशी चंद्रीनं वैरण सोडली. दोन दिवस खाली मान घालून उभी, दूध आटलं. ती गाभण होती, आणि आधीचं एक वेत वाया गेलेलं. आत्याबाई रात्री जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चंद्री खायला लागली, रेडकूही पुढं नीट झालं, पण आत्याबाईंनी विळ्यानं नळकांड्याच्या बरोबर मध्यावर खाच पाडली. "औषध गरम हाय. मुक्या जनावराला सोसत नाय. हितून पुढं खाचेपर्यंत भरायचं. बाईला सांगायची गरज नाय." मलाही ते पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं. चंद्रीचे हाल बघवले नव्हते. पुढच्या चारही खेपांना मी खाचेपर्यंतच भरलं आणि उरलेलं औषध पुढच्या खेपेला ठेवलं. वहीत मात्र मॅडमनी दिलेलं पूर्ण माप उतरवत गेले. आणि अर्धंच औषध दिलं, म्हणून दूधही अर्धेच दिवस ओतलं. बाकीचे दिवस डेअरीला घातलं. पैसे मात्र मॅडमकडून सगळ्या दिवसांचे घेतले.

मॅडम शेण न्यायच्या, अंडी मोजायच्या आणि कोड्यात पडायच्या. औषध देऊनही आमच्या गोठ्यातली अंडी कमी होत नव्हती. "तुमची वही चोख आहे ताई, म्हणून मला जास्त काळजी वाटते," असं एकदा म्हणाल्या. मी चुलीत फुंकर घालत राहिले.

मग चंद्रीच्या जबड्याखाली सूज आली. पाणी भरलेली पिशवी लोंबावी तशी. डोळे पांढरे पडले. पाहता पाहता ती बसली ती उठली नाही. मॅडम आल्या, सोबत जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर होते. कापायच्या आधी मॅडमनी तिच्या शिंगावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, तुम्ही तोंड फिरवा, मी सांगेन तेव्हा वळा. वळले तेव्हा यकृत उघडं होतं आणि त्याच्या नळ्यांतून कृमी निघत होते. कडुनिंबाच्या पानाएवढे, तसेच लांबट, आणि जिवंत. मॅडमनी कोमट मिठाच्या पाण्याचा थर्मास माझ्या हातात दिला. एकेक कृमी चिमट्यानं उचलून त्यात सोडत होत्या. माझ्या हातातला थर्मास कलायला लागलेला पाहून म्हणाल्या, "घट्ट धरा. आणि लक्षात ठेवा, हा चहाचा थर्मास नाही." मला त्याही वेळी हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला, कोपरानं माझा पदर डोळ्यांपर्यंत सरकवून दिला. त्यांचे हात बरबटलेले होते.

महिन्याभरानं त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. मी एकटी एसटीनं नाशिकला गेले, सीबीएस स्टँडला उतरून विचारत विचारत कॉलेजात पोचले. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं. चंद्रीचे कृमी त्यांनी बर्फात ठेवून वाटले होते आणि त्यांतलं पाणी तपासलं होतं. मशीनच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. एक कत्तलखान्यातून आणलेल्या दुसऱ्या जनावरांच्या कृमींची, हळूहळू चढणारी. दुसरी आमची, पांडवलेण्याच्या पायऱ्यांसारखी उभी. मी विचारलं, हे काय आहे. त्यांनी मला विचारलं की तुम्ही तेलकट भांडं कशानं घासता. राखेनं, मी म्हणाले. "राख काय करते? तेलाला धरते. मग पाणी दोघांना घेऊन जातं. कृमीच्या अंगातही तशी राख असते आणि ती लावणारे हात असतात. आपण औषध पाजतो, ते त्याच्यासाठी विष. हे हात विषाला राख लावतात आणि धुऊन बाहेर काढतात. त्या हातांना आम्ही विकर म्हणतो." त्या विकराचं मोठं नाव त्यांनी नंतर या वहीत लिहून दिलं आहे, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. मी ते बघून बघून इथं उतरवलं.

आमच्या कृमींकडं असे हात फार जास्त होते, पडद्यावरची उभी रेघ तेच सांगत होती. मॅडम सांगत होत्या की थोडं थोडं विष मिळत राहिलं की ज्यांचे हात कमी ते मरतात, ज्यांचे जास्त ते जगतात, त्यांचीच पिल्लं वाढतात. असं अर्धवट औषध दिलं तर होतं. "पण तुम्ही तर पूर्ण देत होतात. म्हणजे पूर्ण औषधालाही हे कृमी दाद देत नाहीत. पुढच्या आठवड्यात मला हे मोठ्या लोकांपुढं मांडायचं आहे. सगळा आधार तुमच्या वहीचा आहे." वही टेबलावर उघडी होती. माझं ते वाकडंतिकडं अक्षर, त्याखाली त्यांनी लाल पेन्सिलीनं मारलेल्या बरोबरच्या खुणा.

मला उठून पळून जावंसं वाटलं. एसटी साडेचारला होती. गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण त्या आता लोकांपुढं उभ्या राहून माझं खोटं स्वतःच्या तोंडानं बोलणार होत्या...

"मॅडम, मी अर्धंच पाजत होते."

त्यांनी मशीन बंद केलं. मग विचारलं, कधीपासून. मी खाच सांगितली, चंद्रीनं वैरण सोडली ते सांगितलं, दुधाचं सांगितलं. त्यांनी वही मिटली. "आणि हे सगळं?" "तुम्ही सांगितलेलं माप लिहिलं." त्या खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. रागावून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या की तुमची गाडी चुकेल, निघा.

तो पूर्ण हिवाळा त्या आल्या नाहीत. फोन नाही. गावातली माणसं विचारायची, शेणाच्या मॅडम दिसत नाहीत. मी म्हणायची, काम असेल. उरलेल्या दोन म्हशींची धार काढताना स्कूटरचा आवाज आला की हात थांबायचे. आत्याबाईंना मी सगळं सांगितलं होतं. एक दिवस त्या चंद्रीच्या रिकाम्या खुंट्यापाशी बसलेल्या दिसल्या.

पुढच्या पावसाच्या आधी त्या आल्या. नवीन वही घेऊन, हीच ती. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'जे केलं ते लिहा.' मला म्हणाल्या, "मी लोकांपुढं सांगितलं की माझी नोंद चुकीची निघाली. आणि चूक माझीही आहे ताई. मी मापं शिकवली, तुम्हाला भीती कशाची वाटते ते विचारलं नाही." मी आधीच बांधून ठेवलेले पैसे पुढं केले. जेवढे जमले होते तेवढे. त्यांनी हात मागं घेतला. "ते दुधाचे पैसे होते. दुधानंच फेडा. आता पूर्ण औषध पाजायचं, पूर्ण दिवस दूध ओतायचं, आणि मी एक रुपया देणार नाही. तेवढं दूध ओतून झालं की फिटलं." मी म्हणाले, हे नळकांडं जाळून टाकते. त्यांनी ते हातात घेतलं, खाचेवरून अंगठा फिरवला. "जाळू नका. खाच पण नोंदच आहे."

आमच्या कृमींवर ते जुनं औषध आता चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी वेगळं आणलं. धाकटी म्हैस तेव्हा गाभण होती. काठोकाठ भरून पाजलं आणि मॅडम गोठ्यातच खाली पोतं टाकून बसल्या. ती वैरण खाईपर्यंत मी हलत नाही, म्हणाल्या. दुपारी आत्याबाईंनी भाकरी पुढं केली तर नको म्हणाल्या. अंधार पडल्यावर मीच त्यांना घरी धाडलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. उन्हं कलायला लागली तेव्हा म्हशीनं मान वळवली, कडब्याची एक पेंढी ओढली आणि चावायला लागली. आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या, मग आत जाऊन ताट घेऊन आल्या. "खाल्लं बाई तिनं. आता तू पण खा." आत्याबाईंनी त्यांना अगं-तुगं केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मॅडमनी तीन भाकरी खाल्ल्या. पुढच्या वर्षभरात आमच्या गोठ्यातली अंडी कमी होत गेली. आत्याबाई गेल्या तेव्हा मॅडम दहाव्यालाही आल्या होत्या.

फेड लांबली, कारण पुढं दुभती एकच राहिली आणि दूध थोडं. मॅडमनी कधी विचारलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मी ओतलेल्या प्रत्येक बादलीची रेघ मारत गेले.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. मला सांगितलं तेही शेणाच्या डब्या परत करायला आल्यासारखं, सहज. म्हैस व्याली तेव्हा मी चिकाचा खरवस घेऊन नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. डोक्याला रुमाल बांधून त्या पलंगावर बसल्या होत्या. खरवस एक चमचा खाल्ला, दुसरा हातातच राहिला. औषध आता लागू पडत नाही, असं सांगत होत्या. मग हसल्या. "गंमत बघा ताई. माझ्या गाठीनं पण राख जमवलीय. तसलेच विकर. आयुष्यभर ज्यांच्या मागं लागले ते शेवटी घरीच आले." माझ्या तोंडातून नको ते गेलं. मी विचारलं, तुम्ही पूर्ण घेतलं ना औषध?

त्यांनी माझा हात धरला. "एक थेंबही कमी नाही. तरी झालं. पूर्ण देऊनही कधी कधी होतं. म्हणून म्हणते, चंद्रीचं सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर ठेवू नका." चंद्री माझ्यामुळं गेली, असं मी इतक्या वर्षांत त्यांच्यापाशी एकदाही बोलले नव्हते. निघताना दारातून मागं पाहिलं, तर त्या वहीतल्यासारखी बरोबरची खूण बोटानं हवेत काढत होत्या... तीच शेवटची भेट.

पाऊस आता उघडला आहे. दसरा झाल्यावर मी औषध आणलं, टेपनं घेर मोजला, माप काढलं. नळकांडं भरताना अंगठा आपोआप खाचेवर जातो, तिथं क्षणभर थांबतो. मग मी काठापर्यंत भरते. म्हैस पहिल्या दिवशी खायला तयार नव्हती, म्हणून मी पोतं टाकून तिच्यापाशी बसले. दुसऱ्या दिवशी तिनं पेंढी ओढली.

सांगितले तितके दिवस दूध परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतलं. आज सकाळी ओतलं ते शेवटचं. पांढरा लोट मातीत जिरेपर्यंत उभी राहिले, मग आत येऊन शेवटच्या पानावरच्या रेघा बोट ठेवून दोनदा मोजल्या. फेडायच्या होत्या तेवढ्याच भरल्या. त्यांच्याखाली मी लिहिलं, 'मॅडम, दुधाचे पैसे फिटले,' आणि त्यांची लाल पेन्सिल माझ्याकडं राहिली आहे, तिनं पुढं बरोबरची खूण केली.